नुकत्याच जन्मलेल्या जिवाला ‘हे जिवंत आहे’ हे कसं कळतं?

कोंबडीचं अंडं पूर्ण अंधारात उबवलं. पिल्लू बाहेर आलं तेव्हाही अंधारच होता. म्हणजे या पिल्लाने आई पाहिलेली नाही, भावंडं पाहिलेली नाहीत, स्वतःचे पायही पाहिलेले नाहीत. आता त्याला एका अरुंद वाटेवर सोडलं. वाटेच्या दोन्ही टोकांना एकेक पडदा आहे. एका पडद्यावर प्रकाशाचे काही ठिपके वाटेल तसे फिरताहेत. दुसऱ्यावरही ठिपकेच आहेत, पण ते चालणाऱ्या कोंबडीच्या सांध्यांच्या जागी आहेत. कोंबडीचं अंग, पिसं, चोच, डोळे यांतलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त ठिपक्यांची हालचाल.

पिल्लू कोंबडीच्या ठिपक्यांकडे जातं. आयुष्यात पहिल्यांदाच काही बघत असताना.

हा प्रयोग जॉर्जो वॅलोर्टिगारा, लुचिया रेगोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत केला आणि २००५ साली प्रसिद्ध केला. त्यातली खरी गंमत पुढे आहे. त्यांनी कोंबडीच्या जागी मांजराच्या चालीचे ठिपके दाखवले, तेव्हा पिल्लं मांजराकडेही तितक्याच उत्साहाने गेली. ज्या प्राण्याने पिल्लाला खाऊन टाकावं, त्याच्याच दिशेने! म्हणजे पिल्लाला ‘आई’ ठाऊक नव्हती आणि ‘शत्रू’ही ठाऊक नव्हता. त्याला एवढंच जाणवत होतं, की ही हालचाल प्राण्याची आहे आणि ती दुसरी तशी नाही.

या विषयावर वाचताना ‘जन्मजात ज्ञान’ असा शब्दप्रयोग सारखा भेटतो. मला तो फारसा पटत नाही. जन्मतः जे मिळतं त्याला ज्ञान म्हणण्यापेक्षा नजरेचा कल म्हणावं. कुठे बघायचं एवढंच तो सांगतो. जे दिसतंय ते काय आहे, हे पुढे शिकावं लागतं. पुढचे सगळे प्रयोग हा फरक डोक्यात ठेवून वाचले तर बरेच सोपे होतात.

ठिपक्यांची युक्ती मुळात स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गुन्नार योहान्सन यांची. माणसाच्या खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे आणि घोटे अशा मुख्य सांध्यांवर दिवे लावायचे, त्याला अंधारात चालायला लावायचं आणि फक्त दिव्यांचं चित्रण करायचं. त्यांचं हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झालं. चित्र थांबवलं, तर विखुरलेल्या दहा-बारा ठिपक्यांपलीकडे काही समजत नाही. ते सुरू केलं, की क्षणार्धात चालणारा माणूस दिसतो. किती क्षणार्धात? सेकंदाचा पाचवा भागही पुरतो, असं योहान्सन यांनी पुढच्या प्रयोगांत दाखवलं. चेहरा, कपडे, रंग, आकार सगळं काढून टाकूनही माणूस शिल्लक राहतो, म्हणजे ती माहिती हालचालीतच असली पाहिजे.

पण हालचालीत नेमकं काय असतं? एक उत्तर हाडांच्या रचनेत आहे. गुडघा आणि घोटा यांच्यामधलं अंतर चालताना बदलत नाही, कारण मध्ये हाड आहे. घोटा आणि कोपर यांच्यामधलं अंतर मात्र सतत बदलत राहतं. दगड घरंगळला, तर त्याच्यावरच्या सगळ्या बिंदूंमधली अंतरं तशीच राहतात. वाऱ्याने उडालेल्या पाचोळ्यात कुठलंच अंतर टिकत नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची हालचाल या दोन्हींच्या मधली असते, थोडी ताठ आणि थोडी लवचीक. २००५ च्या प्रयोगातून संशोधकांनी काढलेला अंदाज हाच होता, की पिल्लाचा कल अशा अर्धवट ताठ हालचालीकडे आहे. मांजर आणि कोंबडी दोघीही या कसोटीला उतरतात.

दुसरं उत्तर पायांत सापडलं, आणि ते जास्त अनपेक्षित आहे. निकोलाउस ट्रोए आणि कॉर्ड वेस्टहॉफ यांनी २००६ साली प्रौढ माणसांवर केलेल्या प्रयोगात ठिपक्यांच्या जागांची सरमिसळ केली. प्रत्येक ठिपका स्वतःपुरता पूर्वीसारखाच हलत होता, पण घोटा खांद्याच्या जागी आणि खांदा आणखी कुठे, असं सगळं विस्कटलेलं. शरीराचा आकार पार मोडला होता. तरीही ‘हा प्राणी उजवीकडे चाललाय की डावीकडे’ हे लोक सांगू शकत होते, मग ठिपके माणसाचे असोत, मांजराचे असोत की कबुतराचे. चित्र उलटं केलं, म्हणजे वरचं खाली आणि खालचं वर, तेव्हा मात्र ही क्षमता गेली. कारण शोधत गेल्यावर सगळा दोर पायांच्या ठिपक्यांकडे आला. चालणाऱ्या प्राण्याचं पाऊल उचललं जातं, पुढे झुलतं, खाली येतं आणि जमिनीवर टेकतं. या झुलण्यात आणि खाली येण्यात गुरुत्वाकर्षणाचा वाटा असतो. उलट्या चित्रात गुरुत्वाकर्षण जणू वरच्या दिशेने काम करत असतं, आणि आपली नजर ते मानायला तयार होत नाही.

पिल्लांचंही तसंच निघालं. सरळ चालणाऱ्या कोंबडीचे ठिपके दाखवले, की पिल्लू त्या चालीच्या दिशेला स्वतःचं अंग वळवतं. ठिपके उलटे केले, की वळवत नाही. जे पिल्लू आजवर फारसं चाललेलंही नाही, त्याच्या नजरेत ‘वजन असलेली गोष्ट कशी हलते’ याचा काहीतरी अंदाज आधीपासून आहे, असा याचा अर्थ होतो.

आता माणसाच्या बाळाकडे येऊ. इथे अडचण अशी, की बाळ चालत कुठे जात नाही आणि त्याला विचारताही येत नाही. यावर रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या आसपास साधा उपाय काढला. बाळासमोर दोन चित्रं धरायची आणि ते कुठल्या चित्राकडे जास्त वेळ बघतं ते मोजायचं. एकाकडे सातत्याने जास्त बघत असेल, तर निदान दोन्हींतला फरक त्याला कळतोय एवढं सिद्ध होतं. याहून जास्त सिद्ध होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. जास्त वेळ बघणं म्हणजे आवडणं नव्हे आणि समजणं तर नव्हेच. बाळांवरच्या संशोधनाच्या बातम्या वाचताना ही मर्यादा बहुतेक वेळा गायब झालेली असते.

नवजात बाळाची नजर अगदी अधू असते. वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्याला त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे साधारण कुशीत घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याइतक्या अंतरावरचं. बारीक तपशील तर कुठल्याच अंतरावर नीट दिसत नाहीत. अशा बाळाला ठिपक्यांच्या हालचालीतला फरक कळेल का? फ्रांचेस्का सिमिऑन, रेगोलिन आणि हेर्मान बुल्फ यांनी २००८ साली दोन दिवसांच्या बाळांवर हे करून पाहिलं. दाखवायला त्यांनी काय निवडलं, तर पिल्लांच्या प्रयोगातलीच ठिपक्यांची कोंबडी. ही निवड मला फार हुशारीची वाटते. माणसाच्या चालीचे ठिपके दाखवले असते, तर ‘दोन दिवसांत आजूबाजूच्या माणसांना बघून शिकलं असेल’ असा आक्षेप आला असता. दोन दिवसांच्या बाळाने कोंबडी कुठे पाहिली असणार? तरीही बाळं अस्ताव्यस्त ठिपक्यांपेक्षा कोंबडीच्या ठिपक्यांकडे जास्त वेळ बघत राहिली, आणि उलट्या कोंबडीपेक्षा सरळ कोंबडीकडे जास्त.

माणूस आणि कोंबडी यांचे वंश वेगळे होऊन तीस कोटींहून अधिक वर्षं झाली. एवढ्या अंतरावरच्या दोन जिवांत जन्मतःच सारखा कल सापडतो, म्हणजे ही यंत्रणा फार जुनी असावी. किंवा गरज सारखी असल्यामुळे दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे घडली असावी. कोणतं खरं हे अशा प्रयोगांतून ठरत नाही.

चाल हा सजीवपणाचा एकच पुरावा नाही. त्याहून साधा पुरावा म्हणजे आपण होऊन हलणं. चेंडूला कुणीतरी ढकलावं लागतं. मांजर बसल्या जागेवरून उठतं आणि निघतं. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठातले आल्बेर मिशोत यांनी १९४० च्या दशकात दाखवलं होतं, की पडद्यावर एक चौकोन सरकत येऊन दुसऱ्याला टेकला आणि लगेच दुसरा सरकू लागला, तर बघणाऱ्याला ‘पहिल्याने दुसऱ्याला ढकललं’ असं थेट दिसतं. विचार करून अनुमान काढावं लागत नाही. हाच देखावा अंधारात वाढलेल्या कोंबडीच्या पिल्लांना दाखवण्यात आला आणि मग दोन्हींपैकी एकाकडे जायची मुभा दिली. पिल्लं आपण होऊन हललेल्या, म्हणजे ढकलणाऱ्या वस्तूकडे गेली. हे २०१० सालचं काम. पुढे २०१६ मध्ये त्याच इटालियन संशोधकांच्या वर्तुळातून आणखी एक पुरावा आला. सतत एकाच वेगाने सरकणाऱ्या आकृतीपेक्षा मध्येच वेग वाढवणारी आणि पुन्हा कमी करणारी आकृती पिल्लांना जास्त ओढून घेते. बाहेरून कुणी हात लावलेला नसताना वेग बदलला, तर जोर आतून आला असणार. २०१७ साली नवजात बाळांवरही आपण होऊन हलण्याचा प्रयोग झाला आणि तिथेही नजर त्याच बाजूला झुकली.

मोठ्यांमध्येही हा कल किती खोल मुरलेला असतो, हे फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल यांनी १९४४ मध्येच दाखवलं होतं. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारा एक आयत एवढ्यावर बनवलेली छोटी फिल्म त्यांनी ३४ जणांना दाखवून वर्णन करायला सांगितलं. फक्त एकाने भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांनी भांडण, दादागिरी, पाठलाग, भीती असं सगळं त्या आकृत्यांमध्ये पाहिलं.

(झाडं सजीव आहेत, हे मला मान्य आहे. पण नजरेच्या या यंत्रणेला झाडांची काही पर्वा नाही. तिच्या लेखी सजीव म्हणजे हलणारा प्राणी.)

मग हा कल इतका ढोबळ का? मांजर आणि कोंबडी यांतला फरकही न कळणारी यंत्रणा काय कामाची? याचं उत्तर पिल्लाच्या पुढच्या तासांत आहे. डग्लस स्पॉल्डिंग या ब्रिटिश अभ्यासकाने १८७३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की नुकतं बाहेर आलेलं पिल्लू कुठल्याही हलणाऱ्या गोष्टीच्या मागे लागतं, अगदी माणसाच्याही. पण डोळे टोपीने झाकून जवळजवळ चार दिवस ठेवलेल्या पिल्लाची टोपी काढली, तेव्हा ते त्याला घाबरून दूर पळालं. मागे लागण्याचा काळ उलटून गेला होता. पुढे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये बदकं आणि हंसांमधल्या याच गोष्टीचं सविस्तर वर्णन केलं. पहिल्या काही तासांत जे दिसेल त्याची छाप पिल्लावर पडते आणि पुढे ते त्यालाच आई मानतं.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. छाप कुणाचीही पडू शकते, त्यामुळे पहिली नजर कुठे जाते याला फार महत्त्व येतं. ती हलणाऱ्या फांदीवर खिळली, तर पिल्लाचं आयुष्य तिथेच संपलं. ढोबळ कल ही इथे चाळणी आहे. फांदी, पाणी, घरंगळणारा दगड हे सगळं ती गाळून टाकते आणि ‘प्राणी’ तेवढा पुढे पाठवते. अंड्यातून बाहेर आल्यावर सगळ्यात जवळ असणारा प्राणी जवळपास नेहमी आईच असतो, त्यामुळे आईचं बारीक वर्णन जन्माआधीच मेंदूत भरून ठेवायची गरज पडत नाही. ते काम पुढच्या काही तासांचं शिकणं करतं. मांजर तिथे पहिल्या क्षणी हजर असण्याची शक्यता इतकी कमी, की तिच्यासाठी वेगळी तजवीज झाली नसावी.

कल आणि शिकणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत याचा मेंदूतला पुरावाही आहे. केंब्रिजमध्ये गॅब्रिएल हॉर्न, मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पिल्लांच्या मेंदूतला छापेशी संबंधित एक छोटा भाग निकामी केला. अशी पिल्लं नवी ओळख पक्की करू शकत नव्हती. पण पेंढा भरलेली कोंबडी आणि साधा खोका यांतून निवडायची वेळ आली, की ती कोंबडीकडेच झुकत होती. शिकणं गेलं, कल राहिला. पेंढा भरलेली कोंबडी आणि पेंढा भरलेला पोलकॅट नावाचा मांसाहारी प्राणी यांच्यात मात्र धडधाकट पिल्लांनाही फारसा फरक वाटत नव्हता. म्हणजे मांजराचाच किस्सा, वेगळ्या प्रयोगशाळेत आणि वीसएक वर्षं आधी.

बाळांच्या बाबतीत या गोष्टीला एक विचित्र वळण आहे. रॉबर्ट फॉक्स आणि सिंथिया मॅकडॅनिएल यांनी १९८२ मध्ये ठिपक्यांचे प्रयोग केले, तेव्हा चार आणि सहा महिन्यांच्या बाळांचा कल माणसाच्या हालचालीकडे दिसला, पण दोन महिन्यांच्या बाळांचा दिसला नाही. मग दोन दिवसांच्या बाळांना जे जमतं ते दोन महिन्यांच्या बाळांना का जमू नये? मला पटणारं स्पष्टीकरण असं, की हा एकाच क्षमतेचा चढता आलेख नाही. सुरुवातीचा कल मेंदूतल्या खोलवरच्या, जुन्या भागांच्या जोरावर चालतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मेंदूचा बाहेरचा थर हळूहळू ते काम हाती घेतो आणि मधल्या बदलात कामगिरी घसरल्यासारखी दिसते. चेहरे ओळखण्याबद्दल जॉन्सन आणि जॉन मॉर्टन यांनी १९९१ मध्ये असाच विचार मांडला होता. एक यंत्रणा नजर चेहऱ्याकडे वळवते आणि दुसरी त्या चेहऱ्यांवरून शिकत जाते.

ही क्षमता चिवटही आहे. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या बाळांना शस्त्रक्रिया होईपर्यंत स्पष्ट असं काही दिसत नाही. अशी मुलं मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा अनेक ठिपक्यांचा प्रवाह एकूण कुठल्या दिशेला चाललाय हे ओळखण्यात ती कमी पडली. ठिपक्यांतला चालणारा माणूस मात्र त्यांना इतरांसारखाच ओळखता आला. हे काम कॅनडात डॅफ्नी मॉरर यांच्या गटाने केलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

कोंबडी आणि माणूस यांच्यापुरतंच हे मर्यादित आहे का? झेब्राफिश या बोटभर माशाची पिल्लं पडद्यावरच्या एकाच ठिपक्याला सोबती समजून त्याच्याबरोबर पोहू लागतात. अट एकच, ठिपका माशासारखा झटक्याझटक्याने पुढे सरकला पाहिजे. एकसारख्या वेगाने सरकणारा ठिपका त्यांना तेवढा ओढत नाही. आणि २०२१ मध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर प्रयोग झाला. हे कोळी नवजात नव्हते, पण उत्तर मजेदार आहे. कोळ्याला हवेवर तरंगणाऱ्या गोळ्यावर धरून ठेवलं आणि त्याच्या बाजूच्या डोळ्यांसमोर दोन प्रकारचे ठिपके दाखवले. कोळी वळले, पण अस्ताव्यस्त ठिपक्यांकडे! संशोधकांच्या मते बाजूच्या डोळ्यांनी ‘हा प्राणी आहे’ हे आधीच ओळखलं होतं. जे ओळखता आलं नाही, ते पुढच्या मोठ्या डोळ्यांनी नीट बघायला कोळी तिकडे वळला. मघाशी म्हटलं ना, एखाद्या गोष्टीकडे वळणं म्हणजे ती आवडणं नव्हे.

या सगळ्याचा डॉक्टरांना काही उपयोग आहे का? स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) बाबतीत तरी त्या दिशेने शोध चालू आहे. अमी क्लिन यांच्या गटाने २००९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना आवाजासह ठिपक्यांची माणसं दाखवली, एक सरळ आणि एक उलटं. इतर मुलं सरळ माणसाकडे बघत होती. स्वमग्न मुलांचा असा कल दिसला नाही. त्यांची नजर जिथे आवाज आणि ठिपक्याची हालचाल एकाच क्षणी जुळत होती तिथे जात होती, उदाहरणार्थ टाळी वाजते त्या जागी. बघण्याची ही दिशा पुढे कायम राहिली, तर मुलाला माणसांबद्दल शिकायला मिळणारा मजकूरच वेगळा होतो.

पिल्लांवरही याला समांतर काम झालं आहे. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचं औषध गर्भारपणात घेतलं गेलं, तर बाळाला स्वमग्नता असण्याचा धोका वाढतो, हे माहीत आहे. (म्हणून ते मनाने बंद करायचं नसतं. झटके येणंही धोक्याचं असतं, निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.) अंड्यात हे औषध टोचल्यावर बाहेर आलेल्या पिल्लांमध्ये पेंढा भरलेल्या कोंबडीकडे जाण्याचा कल उरला नाही, आणि वेग बदलणाऱ्या आकृतीकडे जाण्याचाही नाही. यावरून कोंबडीच्या पिल्लाला स्वमग्नता होते असं म्हणणं चूक ठरेल. तो माणसाच्या जगण्यातला, भाषेतला आणि नात्यांतला फार व्यापक अनुभव आहे. पण पहिल्या नजरेचा कल कुठल्या रसायनांनी आणि मेंदूच्या कुठल्या भागांनी घडतो हे तपासायला पिल्लू सोयीचं आहे. अंडं आईच्या शरीराबाहेर वाढतं, औषध नेमक्या दिवशी देता येतं आणि एकवीस दिवसांत पिल्लू समोर येतं.

बाळांच्या बाबतीत मात्र नजरेच्या या कलावरून आज कुठलंही निदान होत नाही. दोन दिवसांच्या बाळाची जाग मोजकी असते, मधेच ते झोपतं, रडतं, मान वळवतं. त्यामुळे प्रयोगांतले निष्कर्ष अनेक बाळांच्या सरासरीवर उभे असतात. एखादं बाळ ठिपक्यांकडे बघत नाही, यावरून त्या एका बाळाबद्दल काहीही सांगता येत नाही.